दुपारची वीज सह्याद्रीच्या कड्यावर: उदंचन जलविद्युत प्रकल्प कसा चालतो

उजनी धरणातून पाणी सोडल्याची बातमी सोलापूरच्या वर्तमानपत्रांत येते, तेव्हा मुख्य कालवा, बोगदा, सीना-माढा उपसा योजना आणि भीमा नदी यांच्या आकड्यांसोबत ‘वीजनिर्मितीसाठी १६०० क्युसेक’ अशी एक ओळ बहुधा असते. ती ओळ धरणाच्या पायथ्याशी असलेल्या १२ मेगावॉटच्या एकुलत्या एका संचाविषयी असते. हा संच दोन्ही दिशांनी चालेल असा बांधलेला आहे, ही गोष्ट मात्र जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. धरणातले पाणी त्यातून खाली आले की वीज तयार होते. आणि विजेची मागणी कमी असलेल्या वेळी तोच संच उलटा फिरवून, खालच्या अंगाला लहान बंधाऱ्याने अडवलेले पाणी पुन्हा यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्या जलाशयात, चढवता यावे, अशी त्याची रचना आहे. पाणी वर चढवून वीज साठवायची आणि गरज पडेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून ती परत मिळवायची, या पद्धतीला शासकीय मराठीत ‘उदंचन जलविद्युत प्रकल्प’ म्हणतात. सध्या महाराष्ट्रात अशा प्रकल्पांचे करार मोठ्या संख्येने होत आहेत, राज्य सरकारने त्यासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र धोरणही आणले आहे, आणि यातले काही प्रकल्प भीमेच्या खोऱ्याच्या डोक्याशी येऊ घातले आहेत. म्हणून सोलापूरकरांनी हा विषय मुळापासून समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आधी वीज साठवावी का लागते, ते पाहू. विजेच्या जाळ्यात जितकी वीज या क्षणी वापरली जाते तितकीच या क्षणी तयार व्हावी लागते; तारांमध्ये वीज साठून राहत नाही. हा तोल किती सांभाळला जातो आहे, हे वारंवारितेवरून कळते. आपल्या देशात ती ५० हर्ट्झ ठेवायची असते आणि ४९.९० ते ५०.०५ हा तिचा मान्य पट्टा आहे. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी वाढली नाही की देशभरातली सगळी जनित्रे किंचित मंदावतात आणि वारंवारिता घसरते. निर्मिती जास्त झाली की ती चढते. सोलापूरचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका वारंवारितेवर जोडले गेले. तेव्हापासून तमिळनाडूतली पवनचक्की आणि पंजाबातली मोटार एकाच ठेक्यावर फिरतात.

हा तोल सांभाळणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे, याचे कारण ऊन. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेला बहुतेक काळ स्वच्छ आकाश, त्यामुळे सौर पॅनेलसाठी ही जमीन उत्तम आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्रांच्या जवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत, आणि रात्री-अपरात्री पाणी द्यायला रानात जावे लागलेल्या शेतकऱ्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही. पण सौर वीज दुपारी बारा-एकच्या सुमारास भरपूर असते आणि संध्याकाळी सहानंतर जवळजवळ शून्यावर येते. नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, कूलर आणि टीव्ही सुरू होतात. मे महिन्यात तर रात्री अकरा वाजताही सोलापुरातल्या भिंती गरम असतात.

मग औष्णिक केंद्राने हा फरक का भरून काढू नये? दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एनटीपीसीच्या केंद्रात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. कोळशाचा असा संच दुपारी एका मर्यादेखाली उतरवता येत नाही, कारण बाष्पकातली आग कमी भारावर स्थिर राहत नाही; आणि तो पूर्ण बंद केला तर पुन्हा तापवून जाळ्याशी जोडायला कित्येक तास जातात. रोज चढवण्या-उतरवण्याने नळ्यांच्या धातूवर ताण येतो आणि केंद्राचे आयुष्य घटते. म्हणून दुपारी उरणारी वीज कुठेतरी ठेवावी आणि संध्याकाळी काढावी, ही आता खरीखुरी गरज आहे. गंमत अशी की उदंचन प्रकल्प मुळात उलट्या वेळापत्रकासाठी कल्पिले गेले होते: रात्री कोळशाची वीज उरे तेव्हा पाणी चढवायचे आणि दिवसा उतरवायचे. सौर विजेने ते वेळापत्रक फिरवले. यंत्र तेच राहिले.

या साठवणीचे सगळे गणित उंचीत आहे. एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाणी ३६७ मीटर उंच चढवायला कमीत कमी एक युनिट वीज लागते, आणि तेवढ्याच उंचीवरून ते खाली येताना, काहीच वाया गेले नाही असे धरले तर, एक युनिट परत मिळते. प्रत्यक्षात यंत्र आणि बोगदे मिळून दहा टक्क्यांच्या आसपास खातात. त्यामुळे साधारण ४१० मीटरची उंची मिळाली की १,००० लिटरला एक युनिट, असा सोपा हिशेब बसतो. ही ४१० मीटरची उंची मी उगाच घेतलेली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात घाटघर येथे सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय आहे आणि कड्याच्या खाली, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात चोंढे गावाजवळ दुसरा. दोन्हींतला उंचीचा फरक सुमारे तेवढा आहे. डोंगराच्या पोटात १२५ मेगावॉटचे दोन संच बसवले आहेत आणि २००८ पासून हा प्रकल्प चालू आहे.

आता उजनी आणि घाटघर शेजारी ठेवून पाहा. उजनीच्या पायथ्याशी उंचीचा फरक ३० मीटर धरला, तर १६०० क्युसेक पाण्यातून १२ मेगावॉट मिळतात. घाटघरला दोन्ही संच पूर्ण भाराने चालवायला, याच रीतीने हिशेब केला तर, अडीच हजार क्युसेकच्या आत पाणी पुरते आणि मिळतात २५० मेगावॉट. पाणी दीडपट, वीज वीसपट. पावसाळ्यात उजनीतून लाखाच्या वर क्युसेक पाणी सुटते आणि पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातली मंदिरे बुडतात. त्या पुराकडे पाहून ‘एवढ्या पाण्यावर केवढी वीज झाली असती’ असे वाटणे साहजिक आहे, परंतु सोलापूर जिल्हा सपाट आहे. पाण्याला इथे वेग आहे, वजन आहे, पण पडायला जागा नाही. जगातले मोठे उदंचन प्रकल्प डोंगरात का असतात, त्याचे उत्तर एवढेच आहे. चीनच्या हपै प्रांतातल्या डोंगरांत २०२४ च्या अखेरीस पूर्ण झालेला फंगनिंग प्रकल्प ३,६०० मेगावॉटचा आहे आणि आज तो जगात सर्वांत मोठा आहे.

पाणी चढवायला एक यंत्र आणि उतरवायला दुसरे, असे सुरुवातीच्या प्रकल्पांत असे. आता एकच यंत्र दोन्ही कामे करते, आणि ते कसे, हे ज्याच्या विहिरीवर मोटार आहे त्याला सर्वांत लवकर समजेल. विहिरीवरून लांबच्या, उंचावरच्या शेततळ्यात पाणी चढवताना मध्येच लाइट गेली आणि पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसला, तर पाइपातले पाणी मागे फिरते, पंपात शिरते आणि पंपाचा पंखा उलट्या दिशेने गरागरा फिरू लागतो. त्या क्षणी तो पंप टर्बाइन झालेला असतो. शेतकऱ्याला हे नको असते, म्हणून तो व्हॉल्व्ह बसवतो. उदंचन प्रकल्पात नेमके हेच हवे असते, म्हणून पंख्याचा आकार असा घडवलेला असतो की एका दिशेने फिरताना तो उत्तम पंप आणि दुसऱ्या दिशेने उत्तम टर्बाइन ठरतो. त्याच्या भोवती हलणाऱ्या पात्यांचे एक कडे असते. ती पाती कमी-जास्त उघडून आत येणारे पाणी, आणि म्हणून वीज, कमी-जास्त करतात. मोटारीची दिशा बदलण्याची युक्तीही ओळखीची आहे. थ्री फेज मोटार उलटी फिरत असेल तर वायरमन तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करतो. १२५ मेगावॉटच्या यंत्राची दिशाही फेजची अदलाबदल करूनच बदलतात, फक्त त्यासाठीचा स्विच एखाद्या खोलीएवढा असतो.

एवढे मोठे यंत्र पंप म्हणून सुरू करणे हे मात्र कसबाचे काम आहे. शेतावर स्टार-डेल्टा स्टार्टर मोटारीचा सुरुवातीचा झटका कमी करतो. इथे तो झटका सगळ्या परिसराचा विजेचा दाब खाली ओढू शकतो. म्हणून आधी वरच्या बाजूचा दरवाजा आणि पाती बंद ठेवून, पंख्याच्या कप्प्यात दाबाची हवा सोडून तिथले पाणी खाली ढकलतात. पंखा हवेत मोकळा झाला की त्याला फिरवायला फार कमी जोर लागतो. मग शून्यापासून हळूहळू वाढत जाणाऱ्या वारंवारितेचा विद्युतप्रवाह देऊन तो पूर्ण वेगावर आणतात आणि जाळ्याच्या ५० हर्ट्झशी ताल जुळला की जोडतात. त्यानंतर हवा सोडून देतात, पाणी चढून पंख्याला भिडते, यंत्रावर एकदम भार येतो, आणि पाती उघडली की पाण्याचा स्तंभ कड्यावरच्या जलाशयाकडे चढू लागतो. हवेत फिरवत ठेवण्याची ही युक्ती वीजनिर्मितीच्या वेळीही कामी येते. वेल्समधला डिनॉर्विग प्रकल्प १९८४ मध्ये सुरू झाला. तिथले संच असे हवेत फिरत तयार ठेवले, तर पंधरा सेकंदांच्या आसपास ते शून्यावरून १,३०० मेगावॉटपर्यंत पोचतात. कोळशाचे कोणतेही केंद्र हे करू शकत नाही. देशातले एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडले तर वारंवारिता सावरायला हीच चपळाई लागते.

वीजगृह डोंगराच्या पोटात का खोदतात, याचे कारण पुष्कळांना संरक्षण किंवा देखावा असे वाटते. खरे कारण पाणी ओढण्याच्या मर्यादेत आहे. विहिरीच्या काठावर बसवलेली मोटार पंचवीस फुटांच्या खालचे पाणी ओढत नाही, म्हणून पाणी खाली गेले की मोटार आत उतरवावी लागते. पंप पाणी ‘ओढतो’ म्हणजे वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो, आणि त्या दाबाची ताकद मर्यादित आहे. मोठ्या वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तर पंख्याच्या पाठीमागे दाब इतका घसरतो की थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते पुढे जाऊन फुटतात तेव्हा प्रत्येक बुडबुडा पोलादावर बारीक घाव घालतो आणि काही काळाने पात्याला चाळणीसारखी छिद्रे पडतात. हे टाळायचे तर यंत्र खालच्या जलाशयाच्या पातळीपेक्षाही कितीतरी मीटर खोल बसवावे लागते, म्हणजे पाणी स्वतःच्या वजनाने यंत्रात दाबले जाते. इतक्या खोलवर उघडा खड्डा खणण्यापेक्षा डोंगरात गुहा खोदणे सोयीचे पडते. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट त्यासाठी चांगला खडक आहे, मात्र त्याच्या दोन थरांमध्ये लालसर, ठिसूळ पट्टा लागतो, तो बोगदा खोदणाऱ्यांना सांभाळावा लागतो.

वरच्या जलाशयापासून यंत्रापर्यंतचा बोगदा शेकडो मीटर लांब असतो आणि त्यातले हजारो टन पाणी वाहत असताना यंत्र अचानक बंद करावे लागले, तर त्या धावत्या पाण्याचा धक्का पोलादी नळही फोडू शकतो. यासाठी वाटेत एक उभी विहीर ठेवतात. थांबलेले पाणी तिच्यात चढते, वर-खाली हेलकावते आणि शांत होते.

या पद्धतीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: उदंचन प्रकल्प स्वतः वीज निर्माण करत नाही, उलट खातो. चढवताना १०० युनिट घातले तर उतरवताना ७५ ते ८० परत मिळतात. उरलेले घर्षणात आणि उष्णतेत जातात. म्हणून हा व्यवहार तेव्हाच परवडतो, जेव्हा संध्याकाळचे युनिट दुपारच्या युनिटापेक्षा सव्वापटीहून बरेच महाग असते. आणि चढवायला वापरलेली वीज कोळशाची असेल तर परत मिळणारी वीजही कोळशाचीच, शिवाय पाव हिस्सा जास्त धूर करून मिळालेली. ‘हरित’ हा शब्द प्रकल्पाच्या फलकावर वाचताना हे लक्षात ठेवावे. लिथियमच्या बॅटऱ्या यापेक्षा कमी वाया घालवतात, दीड-दोन वर्षांत उभ्या राहतात आणि दिवसेंदिवस स्वस्त होत आहेत. दोन-चार तासांच्या साठवणीसाठी त्या अधिक सोयीच्या आहेत. धरण आणि बोगदा बांधायला पाच-सहा वर्षे सहज लागतात. पण ते एकदा झाले की पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकतात, आणि सहा-आठ तासांची साठवण मोठ्या प्रमाणावर हवी असेल तर माझ्या मते आज डोंगराचेच पारडे जड आहे.

धोकाही आहे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात टॉम सॉक येथे १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे वरचा जलाशय भरत असताना पाणीपातळी मोजणारी उपकरणे जागची सुटलेली होती. ती खरी पातळी दाखवत नव्हती. पंप चालूच राहिले, पाणी बांधावरून वाहिले आणि बांध फुटला. सुदैवाने कोणी दगावले नाही. नेहमीच्या धरणात पातळी काही दिवसांत मीटरभर बदलते. इथे ती रोज कित्येक मीटर चढते आणि उतरते, म्हणून बांधाचे अस्तर, खडकातली गळती आणि पातळीची उपकरणे यांची तपासणी रोजची असावी लागते.

सोलापुरात या प्रकल्पांचे नाव निघाले की पहिला प्रश्न पाण्याचा असतो, आणि तो रास्त आहे. उजनी मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली, गेली की शहराला किती दिवसांआड पाणी येणार, हीच चर्चा घरोघरी असते. तेव्हा चढउतारात किती पाणी गुंतते ते पाहू. घाटघरसारखा २५० मेगावॉटचा प्रकल्प सहा तास चालवायला सुमारे १५ लाख घनमीटर पाणी लागते. आपल्या मापात हा एका टीएमसीचा, म्हणजे एका अब्ज घनफुटांचा, जेमतेम एकोणिसावा भाग झाला; उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी धरला तर त्याचा हजारावा भाग. त्यातून सुमारे १५ लाख युनिट मिळतात, म्हणजे पाच अश्वशक्तीच्या चाळीस-पंचेचाळीस हजार मोटारी आठ तास चालतील इतकी वीज. आणि हे पाणी खर्च होत नाही. उद्या तेच पुन्हा वर चढते. दोन्ही जलाशय नदीच्या मुख्य प्रवाहापासून अलग असतील तर नदीतून एकदा भरायला आणि नंतर दरवर्षी बाष्पीभवन व गळतीची भर घालायला लागेल एवढेच पाणी घ्यावे लागते.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी स्वभावतः पूर्वेकडे, भीमेकडे वाहते, आणि टाटांच्या जुन्या जलविद्युत प्रकल्पांनी शंभर वर्षांपूर्वी त्यातले काही अडवून कड्यावरून पश्चिमेला सोडले: खोपोलीला १९१५ पासून, भिवपुरीला १९२२ पासून आणि भिऱ्याला १९२७ पासून. मुळशी धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. मुळशीतले पाणी मुळा, मुळा-मुठा, भीमा असे करत उजनीत आले असते. ते भिऱ्याला टर्बाइनमधून उतरते आणि कुंडलिका नदीने अरबी समुद्राला मिळते. भिऱ्यालाच १५० मेगावॉटचा एक उदंचन संचही आहे. म्हणजे एकाच ठिकाणी दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात. उदंचन संच काही पाणी खाली आणतो आणि परत चढवतो, त्याने भीमेचे खोरे गरीब होत नाही. बाकीचे संच पाणी एकाच दिशेने नेतात, त्या पाण्याला उजनी कायमची मुकते. हे पाणी पूर्वेला वळवावे ही दुष्काळी भागातली जुनी मागणी आहे, आणि तिचा रोख या दुसऱ्या प्रकारच्या वापरावर असला पाहिजे.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी पुणे जिल्ह्यात शिरवता येथे १,८०० मेगावॉट आणि रायगड जिल्ह्यात भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केला. शिरवता धरण भीमेच्या खोऱ्यात आहे, आणि भिवपुरीला उतरणारे ठोकळवाडीचे पाणीही त्याच खोऱ्यातले. इथे खालचा जलाशय किती मोठा आहे, हा कळीचा मुद्दा ठरतो. तो वरून उतरलेले सगळे पाणी सामावून घेण्याइतका असेल, तर संध्याकाळी उतरलेले पाणी दुसऱ्या दुपारी जसेच्या तसे वर जाऊ शकते. तो लहान असेल, किंवा त्याच्या तळाचे दार कोकणातल्या नदीत उघडत असेल, तर चढवण्यापेक्षा सोडून देणे कधीकधी जास्त फायद्याचे ठरते, कारण चढवायला वीज विकत घ्यावी लागते आणि पावसाचे पाणी फुकट येते. पहिला भरणा कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या वाट्यातून होणार, रोज वर किती पाणी चढले आणि खाली किती सोडले याची मोजणी कोण करणार, ती लोकांना पाहता येईल अशी प्रसिद्ध होणार का, आणि उजनी मायनसमध्ये असेल त्या वर्षी बाष्पीभवनाची भर कुठून घातली जाणार, हे सगळे करारात आणि पर्यावरण परवानगीच्या कागदांत आकड्यांनिशी लिहिलेले असायला हवे. पर्यावरण परवानगीपूर्वीची जनसुनावणी साधारणतः प्रकल्पाच्या जिल्ह्यात होते; सोलापूर खोऱ्याच्या खालच्या टोकाला असल्यामुळे इथल्या शेतकऱ्याला आणि महापालिकेला तिची सूचना आपोआप मिळत नाही. लेखी हरकत मात्र त्या मुदतीत पाठवता येते, आणि ती पाठवताना वरचे चार मुद्दे टीएमसीत आणि तारखांत मागावेत.